प्रभुभोजनाच्या मेजापाशी लाल नाक: उपासनेत खेळ चालतो का?

मोहरीचा दाणा

या पुनरुत्थानदिनी (ईस्टरला) आमच्या मंडळीत जे घडलं त्यावरून अजून वाद धुमसतो आहे. मी उपासना समितीत आहे, त्यामुळे लवकरच मला माझं मत सांगावं लागणार आहे. त्याआधी या चर्चामंचावर मोकळेपणाने लिहिते. कुणाची बाजू घेऊन भांडायला आलेली नाही. खरंच समजून घ्यायचं आहे.

तरुण संघाच्या चौघांनी सकाळच्या उपासनेत मूकनाट्य बसवलं होतं. पहिल्या गीताच्या वेळी ते विदूषकाच्या वेशात आत आले. चेहरे पांढरे रंगवलेले, नाकावर लाल गोळा. एकाने मधल्या वाटेत ठेच खाल्ली, त्याच्या हातातली रिकामी थाळी घरंगळत पहिल्या बाकापर्यंत गेली. लोक हसले. मग पापकबुलीच्या प्रार्थनेला चौघेही गुडघ्यांवर आले आणि पांढऱ्या फडक्याने त्यांनी हळूहळू चेहऱ्यावरचा रंग पुसला. ते मळलेलं फडकं त्यांनी क्रूसाच्या पायथ्याशी ठेवलं. त्या वेळी एवढी शांतता होती की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लपवत नाही.

पण नाकं त्यांनी काढली नाहीत. तशीच लाल नाकं घेऊन प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीसाठी, भाकर आणि द्राक्षारस मेजापाशी आणला. तेव्हा आमचे एक ज्येष्ठ वडीलजन पत्नीला घेऊन उठले आणि बाहेर गेले. आवाज केला नाही, काही बोलले नाहीत. शेवटी टाळ्या पडल्या, त्या मात्र त्यांनी दारापाशी ऐकल्या असणार. दोन दिवसांनी समितीला पत्र आलं. त्यात एकच वाक्य मनाला लागलं: माझा प्रभू ज्या मेजावर स्वतःला देतो तिथे मला हसायला लावू नका.

दुसऱ्या बाजूने, त्या दिवशी कितीतरी तरुण मुलं वर्षभरात पहिल्यांदा शेवटपर्यंत बसली होती.

आता मला छळणारी गोष्ट. माझ्या शेजारी सात वर्षांची एक मुलगी बसली होती. थाळी घरंगळली तेव्हा ती खळखळून हसली. रंग पुसताना गप्प झाली. आणि भाकर आली तेव्हा माझ्या कानाशी येऊन तिने विचारलं, "आता हसायचं की नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तिला खेळात घेतलं होतं, पण खेळाचा नियम तिला कुणीच सांगितला नव्हता. मलाही नव्हता.

हा प्रश्न आमच्यापुरता नाही, हे वाचताना कळत गेलं. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चमध्ये २००५ साली त्रैक्याच्या रविवारी विदूषकांच्या वेशात प्रभुभोजन साजरं झालं, त्याची चित्रफीत जगभर फिरली आणि वर्षानुवर्षं लोक त्यावर तुटून पडत राहिले. इंग्लंडमध्ये २०१९ च्या उन्हाळ्यात रोचेस्टर कॅथेड्रलच्या मधल्या भागात नऊ खळग्यांचं छोटं गोल्फ मांडलं आणि नॉर्विच कॅथेड्रलमध्ये जत्रेतली उंच, गोल वळणांची घसरगुंडी उभी केली. नॉर्विचचं कारण ऐकून मी थबकले: त्यांच्या छतावर बायबलमधल्या प्रसंगांची हजाराहून अधिक कोरीव शिल्पं आहेत, खालून ती नीट दिसत नाहीत, घसरगुंडीवर चढलेल्या माणसाला जवळून दिसतात. तरीही कित्येकांना तो मंदिराचा अपमान वाटला. २०२४ च्या फेब्रुवारीत कँटरबरी कॅथेड्रलमध्ये कानाला हेडफोन लावून नाचण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा बाहेर निषेध करणारे प्रार्थना करत उभे होते. ही शेवटची तीन उदाहरणं उपासनेची नव्हेत, उपासनेच्या जागेची आहेत, हा फरक मला मान्य आहे. पण भांडण त्याच शब्दांत झालं: पवित्र आणि पोरखेळ.

तुम्हाला काय वाटतं? जे प्रत्यक्ष अनुभवलं असेल ते सांगा.

जुना ऑर्गन

दाणाताई, प्रामाणिक लिहिलंत म्हणून प्रामाणिकच उत्तर देतो. मी त्या वडीलजनांच्या बाजूचा आहे. मीही उठलो असतो.

आपण देवाला काय आवडेल हे स्वतःच ठरवायला लागलो की काय होतं, ते बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात आहे. नादाब आणि अबीहू याजकाचे मुलगे होते, वाईट हेतूने गेले असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. देवाने सांगितलेला नव्हता तो अग्नी त्यांनी नेला आणि ते तिथेच जळून मेले. म्हणूनच वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारात १६४० च्या दशकात स्पष्ट लिहिलं गेलं की देवाची उपासना त्याने सांगितलेल्या रीतीनेच करावी, माणसाच्या कल्पनेने नव्हे. ल्यूथरची वाट वेगळी होती: जे निषिद्ध नाही ते चालेल. प्रोटेस्टंट मंडळ्यांतला हा फरक जुना आहे आणि तुमच्या समितीतही तोच फरक बसलेला असणार, लोकांना नाव माहीत नसलं तरी.

एक गोष्ट मात्र माझ्याच विरुद्ध जाते, ती सांगितलीच पाहिजे. मी एकतीस वर्षं ऑर्गन वाजवतो आहे. १५२७ साली झुरिकच्या मोठ्या चर्चमधला ऑर्गन फोडून काढला गेला. तिथल्या प्रोटेस्टंट सुधारणेचा पुढारी झ्विंग्ली स्वतः उत्तम वादक होता. त्याच्या दृष्टीने माझं वाद्य हाच उपासनेतला पोरखेळ होता. आज ऑर्गन म्हणजे गांभीर्य. म्हणजे कानाला गंभीर काय वाटतं हे सवयीवर ठरतं, एवढं मी मान्य करतो. पण मेज हे मेज आहे. ते सवयीवर ठरत नाही.

गालीलकर

काका, ऑर्गनबद्दल लिहिलंत ते फार मोलाचं आहे. त्याच धाग्याने मागे जातो, कारण "हे सगळं आजकालच्या पोरांचं खूळ" असं जे म्हटलं जातं ते इतिहासाला धरून नाही.

बाराव्या शतकात फ्रान्समध्ये १ जानेवारीला उपदीक्षितांचा सण असे. पाळकवर्गातली ही खालची पायरी. मरीयेच्या गीतात ओळ आहे ना, त्याने अधिपतींना राजासनांवरून ओढून काढलं आणि दीनांना उंच केलं, त्या भावाने त्या दिवशी उपासनेचा मान आणि गायनाची काठी या खालच्या लोकांच्या हाती जाई. याला पुढे "मूर्खांचा सण" हे नाव पडलं. पॅरिसच्या बिशपने ११९८ मध्ये त्यातला गोंधळ काढून नीट क्रम घालून दिला, साँसच्या कॅथेड्रलसाठी तर त्याची पूर्ण उपासनाविधी लिहिली गेली, गाढवाच्या स्तुतिगीतासकट. ज्या गाढवाने मरीयेला आणि बाळाला वाहिलं ते गाढव. पुढे बासेलला भरलेल्या चर्चच्या परिषदेने १४३५ मध्ये हा सण निषिद्ध ठरवला आणि १४४५ मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्र विभागाने त्याविरुद्ध कडक पत्र काढलं. मुखवटे, वेदीजवळ खाणं, अचकट गाणी असे आरोप त्यात आहेत. यातलं किती खरं घडत होतं आणि किती ऐकीव होतं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याची सुरुवात धिंगाण्यातून झाली नव्हती, शास्त्रवचनातून झाली होती.

दुसरं, पुनरुत्थानाचं हसू. बव्हेरियात पुनरुत्थानदिनी उपदेशक व्यासपीठावरून विनोदी गोष्टी सांगून मंडळीला हसवत. त्यामागचा भाव असा की मरणाने ज्याला गिळलं असं मानलं तोच मरणाला फसवून बाहेर आला, तर आज रडायचं कशाला? पण हळूहळू गोष्टी अश्लील झाल्या, उपदेशक प्राण्यांचे आवाज काढू लागले. ओइकोलांपादियस नावाच्या उपदेशकाने १५१८ मध्ये याविरुद्ध लिहिलं. तो तेव्हा बासेलमध्ये उपदेश करत असे आणि तुमचे उपदेश फार गंभीर असतात अशी तक्रार त्याच्याबद्दलच होती. म्हणजे दाणाताईंच्या समितीतला वाद पाचशे वर्षांपूर्वी अगदी उलट्या बाजूने झाला होता: पाळक हसवत नाही म्हणून लोक नाराज!

आणि सेव्हिलचे सेइसेस. स्पेनमधल्या त्या कॅथेड्रलमध्ये शतकानुशतकं लहान मुलं वेदीसमोर नाचतात, हातात कास्टानेट (चिपळ्यांसारखं वाद्य) वाजवत, डोक्यावर टोपी ठेवून. ख्रिस्तशरीराच्या सणाला, मरीयेच्या निष्कलंक गर्भधारणेच्या सणाला आणि उपवासकाळाच्या आधी. अशी आख्यायिका सांगतात की रोमहून परवानगी मिळाली ती मुलांचे कपडे फाटेपर्यंतच, म्हणून कपडे कधीच पूर्ण नवे शिवले नाहीत, फाटेल तेवढा तुकडा बदलत गेले. आख्यायिका आहे, पण लोकांनी ती जपली यावरून त्यांचा त्या नाचावर किती जीव आहे ते कळतं.

पायरीवरची

मी इथे फारशी लिहीत नाही. पण हे वाचून राहवलं नाही.

माझे यजमान गेले त्यानंतर आठव्या दिवशी रविवार होता. मुलगा म्हणाला, आई, आज नको जाऊस. मी गेले. शेवटच्या बाकावर बसले. माझ्या तोंडून एक शब्द निघत नव्हता, पण माझ्या आजूबाजूची माणसं तीच प्रार्थना म्हणत होती जी आम्ही दोघांनी चाळीस वर्षं शेजारी बसून म्हटली होती. त्यांनी ती माझ्यासाठी म्हटली. त्या शब्दांत नवं काहीच नव्हतं, म्हणूनच मला टेकायला जागा मिळाली.

त्या दिवशी कुणी समोर येऊन म्हटलं असतं, चला सगळ्यांनी हात वर करा, शेजाऱ्याला टाळी द्या, हसा, तर मी परत कधी आले नसते. विदूषकांवर माझा राग नाही. पण उपासना आखणाऱ्यांनी एवढं मनात ठेवावं की प्रत्येक रविवारी शेवटच्या बाकावर माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं आणि ते कुणाला सांगत नाही.

शिंपला

पायरीवरची काकू, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्ही म्हणता ते मी मनापासून मानते. आता माझा शेवटचा बाक सांगते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. त्याला एका जागी बसता येत नाही, आवाज सहन होत नाहीत, आणि अचानक तो मोठ्याने बोलतो. नेहमीच्या उपासनेत आम्ही तीन वर्षं प्रयत्न केला. कुणी वाईट बोललं नाही, पण डोकी वळायची. दर रविवारी घरी येऊन मी रडायचे. मग नवरा म्हणाला, देव घरीही आहे. आणि आम्ही जाणं थांबवलं.

पुढे एका मंडळीत "मेसी चर्च" पद्धतीची सभा सुरू झाल्याचं कळलं. ही पद्धत २००४ साली इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळच्या एका चर्चमधून निघाली आणि आता अनेक देशांत आहे. आधी सगळे मिळून हाताने काहीतरी करतात, माती, रंग, कागद, त्या दिवसाच्या वचनाशी जोडलेलं. मग छोटीशी उपासना, मग एकत्र जेवण. मुलांना सोडून आईवडील बाहेर जात नाहीत, सगळ्यांनी मिळून करायचं. तिथे माझ्या मुलाने वाळूतून इस्राएल लोकांची वाट काढली. एकटक, पाऊण तास. कुणाचं डोकं वळलं नाही, कारण सगळेच हलत होते.

तिथल्या एक बाई "गॉडली प्ले" शिकलेल्या आहेत. जेरोम बेरीमन या अमेरिकन पाळकांनी माँटेसरी पद्धतीवरून ती उभी केली. लाकडी बाहुल्या, वाळूची पेटी, गोष्ट सांगणाऱ्या बाई जमिनीवर बसून अगदी हळू बोलतात, आणि शेवटी उत्तर न सांगता विचारतात, मला कुतूहल वाटतं, यातला कोणता भाग तुझ्याबद्दल आहे? इतकी शांत जागा मी कुठल्याही मोठ्यांच्या उपासनेत पाहिलेली नाही. म्हणून "खेळ म्हणजे गोंगाट" हे समीकरण मला पटत नाही. माझ्या लेकराला शांतता खेळातून मिळाली.

तिसरा प्रहर

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे हा वाद नियमांच्या भाषेत होतो, म्हणून तो थोडा वेगळा दिसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. एकाच दस्तऐवजात दोन गोष्टी आहेत. एक, निरनिराळ्या लोकांच्या संस्कृतीतलं चांगलं ते उपासनेत घ्यावं. दोन, कुणीही, अगदी फादरसुद्धा, स्वतःच्या अधिकाराने त्यात काही घालू, काढू किंवा बदलू शकत नाही. आमची सगळी भांडणं या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होतात.

नाच नको म्हणणाऱ्यांना मी नेहमी झाईरचं (आजच्या काँगोचं) उदाहरण देतो. तिथल्या धर्मप्रांतांसाठीची मिस्साविधी (प्रभुभोजनाची उपासना) रोमने १९८८ मध्ये मंजूर केली, त्यात वेदीभोवती तालबद्ध हालचाल आहे. आणि मुलांच्या मिस्सासाठी १९७३ मध्येच वेगळी मार्गदर्शिका निघाली. म्हणजे दार बंद नाही. पण दार एका फादरच्या मर्जीने उघडत नाही, मंडळीच्या विचाराने उघडतं.

आता मूळ मुद्दा. रोमानो ग्वार्दिनी या जर्मन धर्मपंडिताने १९१८ साली उपासनेवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात उपासना हा खेळ आहे यावर अख्खं प्रकरण आहे. त्याचं म्हणणं असं की लहान मूल खेळतं तेव्हा त्याला काही साधायचं नसतं, तरी त्या खेळाला पूर्ण अर्थ असतो. उपासनाही तशीच. ती कशासाठी उपयोगी नाही, ती देवासमोर असणं आहे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात सृष्टी घडत असताना ज्ञान देवासमोर खेळत असल्याचं येतं, तो धागा त्याने पकडला. आणि तो पुढे दाखवतो की मुलं खेळाचे नियम किती कडकपणे पाळतात. आखलेल्या चौकोनाबाहेर पाय पडला तर लहान मूल माफ करत नाही. म्हणून विधी, ठरलेली पावलं, ठरलेले शब्द हे खेळाच्या विरुद्ध नाहीत. तोच खेळ आहे.

हे वाचल्यापासून मी "गंभीर की खेळकर" असा प्रश्न विचारायचं सोडलं. मी विचारतो: इथे सगळे खेळत आहेत, की चार जण खेळत आहेत आणि बाकीचे बघत आहेत? पुढे पोप झालेल्या योसेफ रात्सिंगर यांनी २००० साली लिहिलं की उपासनेत माणसाच्या कामगिरीला टाळ्या पडल्या की उपासनेचं सत्त्व निघून गेलं आणि तिची जागा करमणुकीने घेतली. कठोर आहे, पण दाणाताई, तुमच्या वर्णनात मला नाकापेक्षा त्या टाळ्याच जास्त खुपल्या.

अजून एक फरक सांगतो. लंडनमध्ये १९४० च्या दशकापासून दर फेब्रुवारीत जोसेफ ग्रिमाल्डीच्या स्मरणार्थ उपासना होते. ग्रिमाल्डी हा १८३७ मध्ये वारलेला मोठा विदूषक. त्या दिवशी खरे विदूषक पूर्ण रंगात चर्चमध्ये येतात, वर्षभरात गेलेल्या आपल्या सोबत्यांसाठी प्रार्थना करतात. ही माणसं आपला कामाचा वेश घेऊन देवासमोर येतात. न्यूयॉर्कमध्ये पाळकांनी विदूषकाचा वेश चढवला होता. पहिल्यात माणूस आहे तसा येतो. दुसऱ्यात उपासना चालवणारा वेगळा कुणीतरी बनतो. मला पहिलं सहज पटतं, दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

सातवी घंटा

तिसरा प्रहर, "सगळे खेळत असले की झालं" हे मी एवढ्यावर सोडू शकत नाही. सगळे खेळत असतानाही माणसं दुखावली जातात.

टोरोंटोच्या विमानतळाजवळच्या मंडळीत जानेवारी १९९४ मध्ये सुरू झालेलं "पवित्र हास्य" आठवा. लोक हसत जमिनीवर पडत, तासन् तास. हजारो लोक जगभरातून तिथे गेले, अनेकांनी आयुष्य बदलल्याची साक्ष दिली. पण जो हसला नाही त्याला काय वाटलं असेल? आपल्यालाच आत्मा शिवला नाही? प्राण्यांसारखे आवाज आणि त्यांना दिले जाणारे अर्थ यांवरून १९९५ च्या अखेरीस त्यांच्याच व्हिनयार्ड चळवळीने त्या मंडळीला वेगळं केलं.

आणि शेफील्डची "नाइन ओक्लॉक सर्व्हिस". १९८६ पासून तिथे नाचाच्या क्लबसारखे दिवे, पडदे, संगीत घेऊन उपासना होई, तरुणांची गर्दी, चर्चचे वरिष्ठ खूश. १९९५ मध्ये बाहेर आलं की तिथला पुढारी स्त्रियांचं शोषण करत होता. सगळं बंद पडलं. दिव्यांमुळे शोषण झालं असं मी म्हणत नाही, पाप तर अगदी जुन्या पद्धतीच्या चर्चमध्येही होतं. पण सगळं नवं असतं तेव्हा जुना नियम दाखवून "थांबा" म्हणणारं कुणी उरत नाही. नियम दुबळ्यासाठी असतो. म्हणून त्या उठून गेलेल्या वडीलजनांना मी अडथळा मानत नाही. ज्या मंडळीतून कुणीतरी उठून जाऊ शकतं, ती मंडळी अजून सुरक्षित आहे.

नवा बुधला

काकू, थाळी घरंगळली हे वाचल्यावर लगेच कळलं की धागा तुमचा आहे. मी त्या चौघांपैकी एक. ज्याने ठेच खाल्ली तो.

आधी नाकाबद्दल. रंग म्हणजे आम्ही लोकांना दाखवतो तो चेहरा, म्हणून पापकबुलीत तो पुसला. नाक ठेवलं कारण क्षमा मिळाल्यावरही आपण शहाणे होत नाही. पौल करिंथकरांना लिहितो, आम्ही ख्रिस्तासाठी मूर्ख. त्या मूर्खपणासकट मेजापाशी बोलावलं जातं, हे आम्हाला सांगायचं होतं. पाळकसाहेब आधी दोन मिनिटं हे समजावून सांगणार होते. उपासना लांबली म्हणून ते गाळलं गेलं. आम्हीही आग्रह धरला नाही, कारण मनातून वाटत होतं की न सांगता कळलं तर जास्त भारी. ती चूक आमची.

त्या मुलीच्या प्रश्नाने मी हललो. तालमीत आम्ही चौघे सगळं जाणत होतो, आमच्यासाठी तो खेळ होता. मंडळीसाठी ते नाटक झालं. आणि टाळ्या पडल्या तेव्हा मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं, हे आज इथे कबूल करतो.

पायरीवरची काकूंचं वाचून एक विचारतो, कुणी उत्तर द्या: दुःखात असलेल्या माणसाला जागा राहील आणि आमच्या वयाच्या मुलांनाही श्वास घेता येईल, असं एकाच उपासनेत शक्यच नाही का? वेगळी तरुणांची उपासना ठेवा असं सगळे सुचवतात. पण मला आजीच्या वयाच्या लोकांशिवाय उपासना नको आहे. माझी आजी त्याच बाकावर बसायची.

पायरीवरची

बाळा, शक्य आहे. मला हसवू नका असं मी म्हटलेलं नाही. मला न हसता बसू द्या, एवढंच. आणि प्रभूची प्रार्थना नेहमीच्या शब्दांत राहू द्या. बाकी तुम्ही नाचा.

जुना ऑर्गन

मी काल रात्री शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाचला. खेळकर उपासनेच्या बाजूचे लोक नेहमी तो पुढे करतात: दावीद राजा कोशापुढे, म्हणजे देवाच्या कराराच्या पेटीपुढे, नाचला, त्याची बायको मीखल हिने खिडकीतून पाहून त्याला तुच्छ मानलं, म्हणून नाचाला नाक मुरडू नका. आमच्या बाजूचे लोक त्याच अध्यायातला उज्जा पुढे करतात. त्याने कोशाला हात लावला आणि तो तिथेच मेला. दोन्ही बाजू अर्धा अर्धा अध्याय वाचतात, मीही आयुष्यभर तेच केलं.

पूर्ण वाचला तेव्हा दिसलं की आनंद दोन्ही वेळा आहे. पहिल्या फेरीतही दावीद आणि सगळं इस्राएल वीणा, सारंग्या, डफ, झांजा घेऊन परमेश्वरासमोर आनंद करत होते. फरक कोश नेण्यात आहे. पहिल्यांदा तो बैलगाडीवर ठेवला होता, पलिष्ट्यांनी पाठवला होता तसा. तीन महिन्यांनी दुसऱ्यांदा तो माणसांनी खांद्यावर वाहिला, जसं सांगितलं होतं तसं. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, पंधराव्या अध्यायात दावीद स्वतः हे कारण सांगतो. आणि नाच त्या दुसऱ्या फेरीतला आहे. तोही राजवस्त्र बाजूला ठेवून, तागाच्या एफोदात, म्हणजे याजकाच्या वस्त्रात. नाचणाऱ्याने स्वतःचा मान उतरवला होता, कोशाचा नाही.

तुमच्या ठेच खाण्यात मला आता दोष दिसत नाही, बाळ. तिथे तू स्वतःचा मान उतरवलास. मेजापाशी मात्र मी अजून अडतो. भाकर मोडली जात असताना सगळ्यांचे डोळे तुझ्या नाकाकडे होते.

शिंपला

काका, हे वाचून मी पूर्ण अध्याय मोठ्याने वाचला. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. तीन महिने कोश ओबेद-अदोमाच्या घरी राहिला आणि त्याचं घर आशीर्वादित झालं, तिथे तो थांबला आणि म्हणाला, "त्याच्या घरात देव होता तेव्हा तो काय खेळायचा?"

मोहरीचा दाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. माझं मत आता बनलं आहे, ते इथेच मांडते म्हणजे समितीत वेगळं बोलायची वेळ येणार नाही.

खेळ हवा. तो बाहेर काढून टाकायला मी हात वर करणार नाही. पण खेळ सगळ्यांचा हवा, आणि आधी सांगितलेला हवा. मूकनाट्य असेल तर आदल्या रविवारी मंडळीला सांगायचं, उपासनेच्या पत्रकात छापायचं, संडेस्कूलमध्ये मुलांबरोबर एकदा करून बघायचं. ज्याला भाग घ्यायचा नाही त्याने शांत बसण्यात कुणाला काही वाटू नये, हेही पत्रकात लिहायचं. प्रभूची प्रार्थना आणि प्रभुभोजनाचे शब्द जसेच्या तसे. आणि टाळ्या नाहीत. टाळ्यांबद्दल मी स्वतः पाळकसाहेबांशी बोलेन, कारण त्या दिवशी पहिली टाळी मीच वाजवली होती.

नाकाबद्दल मात्र मी अडले आहे. नव्या बुधल्याने सांगितलेला अर्थ मला फार सुंदर वाटतो. काकांची अडचणही खरी वाटते. दोन्ही एकदम कसं धरायचं ते कळत नाही.

नवा बुधला

काकू, काल संध्याकाळी मी त्या वडीलजनांकडे गेलो. फोन न करताच. दार त्यांच्या पत्नीने उघडलं, त्यांनी मला ओळखलं नाही, मग म्हणाल्या, अरे, तो पडणारा मुलगा.

तासभर बसलो. नाकाचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, अर्थ चांगला आहे, पण तो मला तुझ्याकडून इथे बसून कळला, तिथे कळला नाही. मग मी त्यांना काकांनी लिहिलेलं शमुवेलाचं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणाले, उज्जाची ओळ पुन्हा वाच.

शेवटी असं ठरलं: पुढच्या वेळी ते स्वतः तो अध्याय व्यासपीठावरून वाचतील, उज्जासकट, एकही ओळ न गाळता. आम्ही मधल्या वाटेवर करू, मुलांना सोबत घेऊन. पापकबुलीत रंग पुसू, आणि या वेळी नाकही काढू, फडक्यावर ठेवू. भाकर आणि द्राक्षारस आम्ही न्यायचा नाही. तो त्या शेवटच्या बाकावरून कुणीतरी आणेल. कोण, ते त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या पत्नीचं नाव सांगितलं. त्या हो म्हणाल्या.

उपासनेनंतर, सगळं झाल्यावर, नाकं परत घालून दारात उभं राहिलं तर चालेल का असं मी विचारलं. ते म्हणाले, दाराबाहेर.